वीस दिव्यांचं घड्याळ आणि अधेली-पावलीचा हिशेब

माझ्या टेबलावरच्या घड्याळाला काटे नाहीत आणि आकडेही नाहीत. एका लाकडी ठोकळ्यात सहा उभ्या रांगांमध्ये बसवलेले वीस निळे दिवे, एवढाच त्याचा चेहरा. घरी येणारे निम्मे पाहुणे त्याला वायफायचा डबा समजतात. उरलेले विचारतात, "हे नक्की काय करतं?" वेळ दाखवतं, असं सांगितलं की ते थोडा वेळ दिव्यांकडे बघतात आणि मग खिशातून मोबाइल काढून वेळ बघतात.

याला बाइनरी घड्याळ म्हणतात. बाइनरी म्हणजे दोनच खुणांनी आकडे लिहायची रीत, इथे दिवा पेटलेला किंवा विझलेला. संगणकाच्या क्षेत्रातल्या माणसाला वाढदिवसाला काय द्यावं असा प्रश्न पडला की अशी घड्याळं विकत घेतली जातात. आठवडाभर त्यांचं कौतुक होतं आणि पुढे ती कोपऱ्यात नुसती लुकलुकत राहतात, कारण ती वाचायची कशी हे कोणी धड सांगतच नाही. सोबतच्या कागदावर बाणांची एक बारीक आकृती असते, बस. खरं तर वाचायला शिकायला पंधरा मिनिटं पुरतात. आणि एकदा वाचता आलं की लक्षात येतं, भिंतीवरचं, मनगटावरचं, मोबाइलमधलं, झाडून सगळी क्वार्ट्झ घड्याळं पोटात हेच करत असतात. बाकीची ते झाकून ठेवतात, हे उघड्यावर करतं. माझा त्याच्यावर जीव आहे तो यासाठी.

चार नाणी

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हे घड्याळ पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तिने चष्मा पुसून विचारलं, "यात वाजले किती?" मी दोनाचा वर्ग, दोनाचा घन अशी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग मला तिच्या लहानपणाची नाणी आठवली.

"आई, तुझ्या वेळी रुपयाचे आणे किती?"

"सोळा."

"आणि रुपया मोडला की सुटे काय काय मिळायचे?"

"अधेली, पावली, चवली, आणा. खाली मग पैसे."

अधेली म्हणजे आठ आणे, पावली म्हणजे चार, चवली म्हणजे दोन आणि मग एक आणा. आठ, चार, दोन, एक. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि ही साखळी व्यवहारातून हळूहळू गेली. पण टेबलावरच्या घड्याळात ती जशीच्या तशी आहे.

समजा तुमच्या मुठीत ही चारच नाणी आहेत, प्रत्येकी एक. दुकानदाराला तीन आणे द्यायचेत, तर चवली आणि आणा. पाच द्यायचेत, तर पावली आणि आणा. सात म्हणजे पावली, चवली, आणा. दहा म्हणजे अधेली आणि चवली. शून्यापासून पंधरापर्यंत कुठलीही रक्कम या चार नाण्यांत बिनचूक देता येते, मोड परत घ्यावी लागत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक रक्कम एकाच रीतीने देता येते. सात आणे देण्याचा दुसरा मार्गच नाही. असं का होतं? कारण प्रत्येक नाणं त्याच्या खालच्या सगळ्या नाण्यांच्या बेरजेपेक्षा बरोबर एकाने मोठं आहे. एक आणि दोन मिळून तीन, पुढचं नाणं चार. एक, दोन, चार मिळून सात, पुढचं आठ. चारही मिळून पंधरा, आणि पुढचा सोळावा आणा म्हणजेच बंदा रुपया.

आता घड्याळाकडे बघा. प्रत्येक उभ्या रांगेत सगळ्यात खाली आणा, त्याच्यावर चवली, मग पावली आणि सगळ्यात वर अधेली. दिवा पेटला म्हणजे ते नाणं दिलं, विझला म्हणजे मुठीत राहिलं. रांगेतल्या पेटलेल्या दिव्यांची बेरीज म्हणजे एक आकडा. डावीकडून पहिल्या दोन रांगा तासांच्या, मधल्या दोन मिनिटांच्या, शेवटच्या दोन सेकंदांच्या. प्रत्येक जोडीत आधी दशक, मग एकक, शाळेत लिहायचो त्याच क्रमाने.

आईने त्या संध्याकाळी वाचलेली वेळ मला पाठ आहे. पहिल्या रांगेत नुसता आणा, म्हणजे एक. दुसरीत पावली, चवली आणि आणा, म्हणजे सात. सतरा तास, अर्थात संध्याकाळचे पाच. तिसरीत एकटी पावली, चार. चौथीत एकटी अधेली, आठ. "पाच अठ्ठेचाळीस," ती म्हणाली, "आणि पुढचं फार भरभर पळतंय." ते सेकंद होते. घरातल्या दोन इंजिनिअरांना याच कामाला कागद-पेन्सिल लागली होती.

दिवे वीसच का, सहा रांगा गुणिले चार असे चोवीस का नाहीत? कारण काही नाण्यांची गरजच पडत नाही. तासांचं दशक दोनाच्या पुढे जात नाही, तिथे आणा आणि चवली पुरतात. मिनिटांचं आणि सेकंदांचं दशक पाचाच्या पुढे जात नाही, तिथे अधेली नको. दोन, चार, तीन, चार, तीन, चार. बेरीज वीस.

हे झालं एका प्रकारचं घड्याळ. यात प्रत्येक दशमान आकडा वेगळा सुटा करून दाखवला जातो, आणि विकणारे त्याला बीसीडी (बाइनरी-कोडेड डेसिमल) म्हणतात. दुसरा प्रकार आणखी कडक आहे. त्यात तास ही एकच संख्या, मिनिटं एक संख्या, सेकंद एक संख्या, आणि नाणी सोळा, बत्तीस अशी पुढे वाढत जातात. सतरा म्हणजे सोळा आणि एक. अठ्ठेचाळीस म्हणजे बत्तीस आणि सोळा. तासांना पाच दिवे, मिनिटांना सहा, सेकंदांना सहा, मिळून सतरात काम होतं. तीन दिवे वाचतात खरे, पण सकाळी डब्याच्या घाईत बत्तीस अधिक सोळा अधिक चार अशी बेरीज करायला माझं डोकं तयार नसतं. घरात ठेवायचं असेल तर बीसीडीच घ्यावं, हे माझं स्पष्ट मत.

दिव्यांनी वेळ सांगायची म्हणजे बाइनरीच हवं, असंही नाही. बर्लिन शहरात १९७५ पासून एक उंच सार्वजनिक घड्याळ आहे, ज्यात पाच तासांचे चार दिवे, एका तासाचे चार, पाच मिनिटांचे अकरा आणि एका मिनिटाचे चार अशा चार आडव्या ओळी आहेत, आणि वर सेकंदांसाठी लुकलुकणारा एक गोल दिवा. त्याच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर ठेवायलाही मिळतात. वाचायला सोपं आहे, पण पाच अठ्ठेचाळीस दाखवायला त्याला तीन, दोन, नऊ आणि तीन असे सतरा दिवे पेटवावे लागतात. आपल्या घड्याळाचं तेवढ्यासाठी सहा दिव्यांत भागतं. दुप्पट-दुप्पट होत जाणाऱ्या नाण्यांची ताकद ही आहे.

निम्मं करणं सगळ्यात सोपं

या दुपटीचं आपल्याकडे अप्रूप वाटायला नको होतं. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक, ही जुनी वजनंही प्रत्येक पायरीला निम्मी होत जातात. त्यामागे साधं व्यवहारी कारण आहे. तुमच्याकडे शेरभर धान्य आहे आणि हातात फक्त तराजू, एकही वजन नाही. तरी तुम्ही अच्छेर मोजू शकता. दोन्ही पारड्यांत थोडं थोडं टाकत काटा मध्यावर आणायचा, झालं. त्यातलं एक पारडं पुन्हा तसंच वाटलं की पावशेर. वजनाशिवाय धान्याचे दहा सारखे भाग करून बघा, म्हणजे फरक कळेल. निम्मं करायला फक्त "सारखं आहे की नाही" एवढंच ओळखावं लागतं.

दोनच पर्यायांची ही गंमत कवितेतही आहे. वृत्तं शिकताना आपण सगळ्यांनी "यमाताराजभानसलगा" पाठ केलेलं असतं. अक्षर एक तर लघु, नाही तर गुरू, तिसरा प्रकार नाही. तीन अक्षरांचा एक गण, म्हणून गण आठच: दोन गुणिले दोन गुणिले दोन. त्या दहा अक्षरांच्या ओळीतून कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं उचला, एक गण मिळतो. यमाता म्हणजे लघु, गुरू, गुरू, तो य गण. मातारा म्हणजे तीनही गुरू, तो म गण. असे आठही गण एकदाच येतात, एकही पुन्हा येत नाही. आजचे गणिती अशा रचनेला डी ब्रुइन क्रम म्हणतात आणि तो संगणकशास्त्रात शिकवला जातो. लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य मांडण्या क्रमाने लिहून काढायची प्रस्ताराची रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात इसवी सनापूर्वीच आली. युरोपात लायब्निझ या जर्मन गणितीचा द्विमान, म्हणजे बाइनरी, अंकगणितावरचा निबंध १७०३ चा. म्हणून पिंगलाने संगणक शोधला असं म्हणणं मात्र मला पटत नाही. तो कवितेची मोजदाद करत होता आणि ती त्याने फार सुंदर केली, एवढं पुरेसं मोठं आहे.

पोटात काय आहे

माझ्या घड्याळातली शेवटची रांग मी कितीतरी वेळ बघत बसतो. सगळ्यात खालचा दिवा दर सेकंदाला बदलतो. एक सेकंद पेटलेला, एक सेकंद विझलेला. तो दोनदा बदलतो तेव्हा त्याच्या वरचा एकदा बदलतो. तो वरचा दोनदा बदलला की त्याच्याही वरचा एकदा. सातावरून आठावर जाताना तर खालचे तीन दिवे एकदम विझतात आणि वरचा एकटा पेटतो, जणू सुट्टी मोड गल्ल्यात टाकून कोणी अधेली काढून दिली. आठ, नऊ, आणि मग सगळे विझून शून्य, कारण दहावा आकडा दशकाच्या रांगेत जातो.

"खालचा दोनदा, तर वरचा एकदा." आता हीच चाल घड्याळाच्या पोटात बघू.

क्वार्ट्झ घड्याळात क्वार्ट्झ खनिजाचा एक चिमुकला तुकडा असतो, दोन बोटांच्या चिमट्यासारखा कापलेला. तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या नळीत तो बंद केलेला असतो. क्वार्ट्झचा गुण असा, की त्याला दाबलं की त्यात वीज निर्माण होते, आणि उलट त्याला वीज दिली की तो किंचित वाकतो. दाबल्यावर वीज हा गुण झाक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. स्वयंपाकघरातलं गॅसचं लायटर खटकन दाबलं की ठिणगी पडते, तिथे हाच गुण कामाला येतो, फक्त लायटरमधला पदार्थ वेगळा असतो. तर या चिमट्याला वीज दिली की त्याची बोटं थरथरतात, आणि त्या थरथरण्याचा वेग ठरलेला असतो, तो कापला कसा आहे त्यावर. घड्याळातला चिमटा अशा बेताने कापतात की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरावा.

इतका विचित्र आकडा का? तीस हजार किंवा पस्तीस हजार का नाही? त्याला निम्मं करत चला: १६,३८४. मग ८,१९२. मग ४,०९६, २,०४८, १,०२४, ५१२, २५६, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पंधरा वेळा निम्मं केलं आणि बरोबर एक उरला, मध्ये कुठेही अपूर्णांक नाही. सेकंदाला ३२,७६८ थरथरी, पंधरा वेळा निम्म्या केल्या की सेकंदाला एक टिक. माणसाच्या कानाला साधारण वीस हजारांपुढचं कंपन ऐकू येत नाही, त्यामुळे ही थरथर कधी कानावर पडत नाही. वेग याहून फार वाढवला तर बॅटरी लवकर संपते, फार कमी केला तर चिमटा मोठा करावा लागतो. हे सगळं सांभाळून दुपटीच्या साखळीत बसणारा आकडा म्हणजे ३२,७६८.

निम्मं करणारं यंत्र कसं असतं, हे समजायला खटका दाबायचं बॉलपेन हातात घ्या. एकदा दाबलं, रिफिल बाहेर. पुन्हा दाबलं, आत. म्हणजे दोनदा दाबल्यावर रिफिल एकदा बाहेर येऊन जाते. शंभर वेळा दाबलं तर पन्नास वेळा बाहेर. पेनाने मोजणीचं निम्मं करून दिलं! आता कल्पना करा, पहिल्या पेनाची रिफिल आत गेली की ती दुसऱ्या पेनाचा खटका दाबते, दुसऱ्याची आत गेली की तिसऱ्याचा. अशी पंधरा पेनं ओळीने लावली आणि पहिल्याचा खटका सेकंदाला ३२,७६८ वेळा दाबला, तर पंधराव्या पेनाची रिफिल सेकंदाला एकदाच बाहेर येईल. घड्याळाच्या चिपमध्ये अशीच पंधरा विजेची पेनं असतात, त्यांना फ्लिप-फ्लॉप म्हणतात. रिफिल आत की बाहेर, दोनच अवस्था. वीज आहे की नाही, एवढंच ओळखायचं असल्यामुळे चूक व्हायला जागा राहत नाही. तराजूच्या काट्यासारखंच.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ही पेनांची रांग मोजायचं काम तर करतेच, पण कुठल्याही क्षणी तिला थांबवून नुसतं बघितलं, की कुठल्या रिफिली बाहेर आहेत आणि कुठल्या आत, तर तोच आतापर्यंतच्या मोजणीचा आकडा असतो. नाण्यांच्या भाषेत लिहिलेला. मोजणं आणि लिहिणं तिथे एकच आहे. काट्यांच्या घड्याळात या मोजणीला चाकांची भाषा शिकवावी लागते, आकड्यांच्या घड्याळात काड्या जुळवून आठ आणि तीन काढावे लागतात. बाइनरी घड्याळात प्रत्येक रिफिलीला एक दिवा जोडला, की संपलं.

पहिलं क्वार्ट्झ घड्याळ १९२७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी बनवलं. मनगटावर ते आलं २५ डिसेंबर १९६९ ला, टोकियोमध्ये, सेइको कंपनीचं ॲस्ट्रॉन. त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ८,१९२ वेळा थरथरायचा. वरच्या यादीत बघा, हा आकडा आहे. त्याला तेरा वेळा निम्मं करावं लागत होतं.

उन्हाळा आणि चार मिनिटं

क्वार्ट्झचा चिमटा तापमानाच्या बाबतीत जरा हळवा असतो. साधारण पंचवीस अंशांना तो ठरल्या वेगाने थरथरतो. त्याहून गरम झालं तरी तो मंदावतो आणि गार झालं तरी मंदावतो. फरक जितका, त्याच्या वर्गाच्या पटीत मंदावणं. नागपूरच्या मे महिन्यात खोली पंचेचाळीस अंशांवर गेली तर साधं घड्याळ तेवढ्या कारणाने दिवसाला एक सेकंदाहून थोडं जास्त मागे पडतं. मनगटावरच्या घड्याळाला माणसाच्या अंगाची ऊब सतत मिळते, म्हणून ते जास्त स्थिर राहतं. टेबलावरच्या घड्याळाला ती सोय नाही. त्यासाठी काही चिपांमध्ये तापमान मोजून चूक दुरुस्त करायची सोय असते. डीएस३२३१ ही त्यातली प्रसिद्ध चिप, वर्षाला जेमतेम एक मिनिटाची चूक करते. वीज गेली तरी तिचं मोजणं चालू राहावं म्हणून शेजारी बटणासारखा चपटा सेल बसवतात, सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे: वीस मिलिमीटर व्यास, तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाडी. विकत घेताना हा सेल बदलता येतो का, ते नक्की पाहा. येत नसेल तर तो संपल्यावर प्रत्येक वेळी वीज गेली की घड्याळ शून्यावर जाईल.

माझं घड्याळ मी स्वतः जोडलेलं आहे. सामान पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणलं. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर मिळेल. वीस दिवे जोडायला चिपच्या वीस तारा लागत नाहीत. एका वेळी एकच उभी रांग पेटवायची, क्षणभरात ती विझवून पुढची, असं सहा रांगांचं चक्र सेकंदाला शंभरावर वेळा फिरवायचं. डोळ्याला ते सगळे दिवे एकत्र पेटलेले दिसतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून फोटो काढला की काही रांगा काळ्या दिसतात आणि गुपित फुटतं. चार आडव्या तारा आणि सहा उभ्या, दहा तारांत वीस दिवे.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळं ठीक वाटलं. पण दहा मिनिटांत घोळ दिसला. दोन वाजून वीस मिनिटं झाली, एकवीस, बावीस, तेवीस, आणि मग चोविसाव्या मिनिटाला घड्याळ परत वीस दाखवायला लागलं. पुन्हा एकवीस, बावीस, तेवीस. मग एकदम अठ्ठावीस, एकोणतीस, आणि तीस बरोबर. मी आधी प्रोग्राम तपासायला बसलो. आई शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अरे, चार, पाच, सहा, सात चुकतायत. आठ बरोबर येतोय. पावलीच नाहीये तुझ्याकडे." खरंच, मिनिटांच्या एकक रांगेतला पावलीचा दिवा मी उलटा जोडला होता. हे दिवे एलईडीचे, आणि एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. तो एक दिवा उलटा, म्हणून दर दहा मिनिटांतली चार मिनिटं घड्याळ बरोबर चार मिनिटं मागे. कुठला दिवा बिघडलाय हे घड्याळ स्वतःच सांगत होतं.

एकतीस दिव्यांचं घड्याळ

आपल्या घड्याळाचे दिवे रात्री बारा वाजता एक सेकंदभर सगळे विझतात. शून्य तास, शून्य मिनिटं, शून्य सेकंद. वीसच दिवे आहेत, कधीतरी मोजणी भरणारच आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारच. रोज होतं, त्यात काही बिघडत नाही, कारण दिवसही संपलेला असतो.

संगणकांच्या जगात मात्र याच गोष्टीची मोठी काळजी आहे. लिनक्ससारख्या, संगणक चालवणाऱ्या यंत्रणा तारीख आणि वेळ अशी वेगळी ठेवत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून, किती सेकंद झाले एवढी एकच संख्या त्या मोजत राहतात. जुन्या यंत्रणांत या संख्येला बत्तीस जागा दिल्या होत्या. त्यातली एक जागा धन की ऋण हे सांगण्यात जाते, मोजायला उरतात एकतीस. म्हणजे एकतीस नाण्यांचं घड्याळ. सगळी नाणी मिळून होतात २,१४,७४,८३,६४७. तेवढे सेकंद भरतील १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्या सेकंदाला एकतीसही दिवे पेटलेले असतील. पुढच्या सेकंदाला ते सगळे विझतील आणि बत्तिसावा पेटेल, जो ऋण चिन्हाचा आहे. ज्या यंत्रात दुरुस्ती झाली नसेल, ते यंत्र १९७० च्या तेवढंच मागे, ग्रीनिचच्या १३ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन बसेल.

उपाय सरळ आहे: बत्तिसाऐवजी चौसष्ट जागा द्यायच्या. प्रत्येक वाढीव दिव्याने मोजणी दुप्पट होते, त्यामुळे चौसष्ट जागांची मोजणी भरायला २९,००० कोटींहून जास्त वर्षं लागतील. आपले मोबाइल आणि लॅपटॉप बहुतेक आधीच तिकडे वळले आहेत. मला काळजी वाटते ती कारखान्यांतल्या, पंपांवरच्या, मीटरमधल्या त्या छोट्या यंत्रांची, जी एकदा बसवली की कोणी वीस वर्षं उघडून बघत नाही. अशा यंत्रांची देखभाल तुमच्याकडे असेल तर त्यांची तारीख आताच एकदा २०३८ च्या पुढे टाकून बघा. चालू यंत्रावर नको, बाजूला ठेवलेल्या जोडयंत्रावर.

घड्याळ आणलंत किंवा जोडलंत, तर पहिले काही दिवस सेकंदांच्या रांगांकडे दुर्लक्ष करा. त्या पळतात आणि गोंधळ होतो. नुसते तास वाचा, मग मिनिटं. चोवीस तासांची मांडणी ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ सांगायला आणखी एक दिवा लागतो. रात्री झोपायच्या खोलीत ठेवणार असाल तर उजेड कमी करायची सोय हवी; निळे दिवे अंधारात फार टोचतात, आता पुन्हा जोडायला घेतलं तर मी लालच निवडेन. दोन आठवड्यांत बेरीज करावी लागत नाही. सात हा तीन दिव्यांचा आकार म्हणूनच ओळखू येतो, आपण "क" वाचताना त्याच्या रेघा मोजत नाही तसं.

आमच्याकडे आता एक नवा नेम आहे. दिवसात चार क्षण असे येतात, जेव्हा घड्याळात जास्तीत जास्त, म्हणजे चौदा दिवे एकाच वेळी पेटलेले असतात. सगळे सतराव्या तासात, त्यातला पहिला १७:३७:३७ ला. मोठी रक्कम नऊ असली तरी तिला अधेली आणि आणा अशी दोनच नाणी लागतात. सातालाच तीन लागतात, म्हणून सातांची गर्दी झाली की दिवे जास्त. संध्याकाळचा चहा तेव्हा नुकताच झालेला असतो. आई कपबशी खाली ठेवून टेबलाकडे बघते आणि म्हणते, "बघ, आत्ता सगळ्यात जास्त सुटे आहेत."